गव्हर्नरनं काय द्यायचं

ह्या वहीत आतापर्यंत मी अर्ध्या चड्डीतला पोरगा होतो. बापाच्या मागं बाजार फिरलो, चौथीतून शाळा सुटली, पहिल्यांदा एका बाईच्या हातात बांगडी भरताना माझाच हात कसा थरथरला, हे सगळं लिहून झालं. आता जे लिहायला बसलोय त्यात मी सदुसष्ट वर्षांचा आहे. वाचणाऱ्याला वाटेल, म्हाताऱ्याची पानं मागंपुढं झाली. झाली नाहीत. मिशा आल्या की माणूस मोठा झाला असं आमच्याकडं धरतात. माझ्या मिशा पांढऱ्या होऊन विरळ व्हायला लागल्या तरी मी मोठा झालो नव्हतो. झालो तो अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या नोव्हाय नावाच्या गावी, एका हिवाळ्यात, आणि ते काम केलं चौथीत शिकणाऱ्या पोरीनं. म्हणून हे पान लहानपणाच्याच वहीत.

आधी हिचं सांगितलं पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ही म्हणजे माझी बायको, कौसल्या. आम्ही जातीनं कासार आणि धंद्यानंही कासार. मराठवाड्यातल्या एका बाजाराच्या गावी आमचं बांगड्यांचं दुकान. बायका मला मामा म्हणायच्या आणि हिला मामी. मी उंचावर गादीवर बसून हुकूम सोडायचो, ही खाली चटईवर बसून हात भरायची. हिची रीत ठरलेली. आधी डावा हात, मग उजवा, आणि उजवा भरून झाला की त्यावर एक जास्तीची बांगडी, फुकट. ही रीत माझ्या बापाचीही होती, पण बाप ती सणावाराला पाळायचा. ही रोज पाळायची, येईल त्या बाईसाठी. लग्नसराईच्या अगदी शेवटाला एक नवरी मुलगी आली, सिंधू नावाची, लग्न दोन दिवसांवर. हिनं तिचा डावा हात भरला. उजवा हात आपल्या हातात घेतला, अंगठ्याखालचं हाड दाबून मऊ करत होती, आणि तशीच पुढं वाकली. त्या पोरीला वाटलं मामी कानात काही सांगतायत, म्हणून तिनं कान जवळ नेला. तेवढ्यात सगळं संपलं होतं.

गावातले म्हणाले, सवाष्ण गेली, भाग्याची. मी ऐकून घेतलं. भाग्य कसलं डोंबलाचं. नवरा गेला की बाईच्या हातातल्या बांगड्या उतरवतात, त्याला रीत आहे. बायको गेली की नवऱ्यानं अंगावरचं काय उतरवायचं ते कुणी सांगत नाही. तेराव्याला माझी बहीण म्हणाली, वहिनीच्या बांगड्या सवाष्णींना वाटून टाक दादा, तिला बरं वाटेल. मी वाटल्या नाहीत. त्या दिवशी तिच्यासमोर जी पत्र्याची पेटी उघडी होती ती मी तशीच मिटली, तिच्या मऊ झालेल्या लुगड्यात गुंडाळली आणि दुकानाला कुलूप घातलं. पुन्हा कुठल्या बाईचा हात हातात घेतला नाही.

दसऱ्यानंतर रवी मला न्यायला आला. रवी आमचा एकुलता एक, तिकडं मोटारींच्या ब्रेकचं काम करणारा इंजिनिअर. सहा महिन्यांची परवानगी होती, तेवढं राहायचं आणि परत यायचं. न्यूयॉर्कच्या त्या दोन इमारती पडून फार दिवस झाले नव्हते, त्यामुळं विमानतळावर सामान उघडून बघायचे. पेटी बघितल्यावर एका दांडग्या शिपायानं लुगडं सोडलं, झाकण उघडलं आणि हिरव्या बिलोरी बांगड्यांच्या रांगांकडं बघत राहिला. रवीनं त्याला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. शिपायानं टोपी काढली, लुगडं जसं होतं तसं परत गुंडाळलं, अगदी गाठीसकट. मी रवीला विचारलं, काय सांगितलंस? तो म्हणाला, “आईच्या आहेत म्हणलं. बाकी काही नाही.”

रवीचं घर मोठं, पण त्यात माणसाचा आवाज नव्हता. आवाज होते ते यंत्रांचे. तळघरात भट्टी होती, ती मधूनच हुंकारायची आणि पायाजवळच्या जाळीतून गरम वारा यायचा. गॅरेजचं दार घरघरलं की कोणीतरी आलं असं समजायचं. पहाटे रस्त्यावरून बर्फ लोटणारी गाडी खरवडत जायची. जमिनीवर सगळीकडं गालिचा, त्यामुळं माणूस मागं येऊन उभा राहिला तरी कळायचं नाही. आमच्या दुकानात दिवसभर काचेची किणकिण आणि बायकांची बडबड, मला झोपसुद्धा त्या आवाजात लागायची. खाण्याचं म्हणाल तर सून चांगली, पण पुण्याची. तिचं वरण गोड. ज्वारीचं पीठ दुकानातनं आणलेलं, कधी दळलेलं देव जाणे, भाकरी थापली की काठाला चिरायची. एकदा मी तव्यावर मिरच्या भाजायला घेतल्या तर छतावरचं यंत्र किंचाळायला लागलं आणि मंजिरी, म्हणजे सून, टॉवेल फडकवत धावत आली. “बाबा, फायर ब्रिगेड येईल हो!” मी म्हणालो, “येऊ दे. त्यांनाही ठेचा देऊ.” ती हसली. मी त्या घरात कुणाला हसवलं ते तेवढंच, नंतर बरेच दिवस नाही.

कारण पंधरा दिवसांत मी हुकूम सुरू केले. सरळच लिहितो, मी वाईट वागलो. चहा सहाला पाहिजे. बूट दारात नको. पोरीनं इंग्रजीत उत्तर द्यायचं नाही. सुनेनं गाडी घेऊन अंधार पडल्यावर बाहेर जायचं नाही. रवीनं रात्री लॅपटॉप उघडला की मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. गावी माझ्यासमोर गिऱ्हाईक असायचं, नोकर असायचे, ही असायची. इथं कुणीच नव्हतं, तर मी जे समोर दिसेल त्यावर ओरडायचो. पहिल्याच आठवड्यात मंजिरीनं विचारलं होतं, “बाबा, आईंच्या पेटीतल्या दोन बांगड्या मी घालू? त्यांची आठवण म्हणून?” मी म्हणालो, “पेटीला कुणी हात लावायचा नाही.” तिनं मान हलवली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. मी पेटी माझ्या खोलीतल्या कपाटात वरच्या फळीवर ठेवली. नंतर नंतर मी खोलीत आलो की माणसं हळूच दुसऱ्या खोलीत जायची. बर्फामुळं ती जाऊन जाऊन जाणार कुठं, तळघरात नाहीतर वर. रवी एकदा म्हणाला, “बाबा, इथं विचारून करावं लागतं सगळं.” मी म्हणालो, “मग मी कशाला आहे?”

एक सानिका तेवढी माझ्याजवळ यायची. नात. शाळेतून आली की घरी मीच एकटा, तिला दुसरं कोण होतं? जानेवारीत एका दुपारी ती मोठ्ठा पुठ्ठा घेऊन आली आणि माझ्या पायाशी गालिच्यावर पसरली.

“आजोबा, मला गव्हर्नर मिळालाय.”

“कुठला गव्हर्नर?”

“फ्रान्सच्या किंगचा. लाँग टाइम अगो. तेव्हा हे सगळं फ्रान्सचं होतं. डेट्रॉइट पण. इथं.”

“हे घरसुद्धा?”

“आजोबा! घर नव्हतं. ट्रीज होते.”

शाळेत त्यांना तो सगळा इतिहास होता. समुद्रापलीकडच्या फ्रान्सच्या राजानं इथं आपला मुलूख मांडला होता, आणि तो चालवायला तिकडून माणूस पाठवायचा. मार्चमध्ये आईबापांना बोलावून वर्गात दरबार भरवायचा होता आणि त्यात आमची सानिका गव्हर्नर. ‘राजाच्या गव्हर्नरचं काम काय’ हे तिनं पुठ्ठ्यावर लिहायचं आणि करूनही दाखवायचं. मला इंग्रजी वाचता येत नाही. ती वाचायची आणि तिच्या मराठीत सांगायची, आणि मी जे समजायचो ते तिला परत सांगायचो. असे आम्ही दोघं रोज दुपारी शेंगदाणे खात त्या गव्हर्नरला समजून घेत होतो.

तो राहायचा खूप वर, क्वेबेक नावाच्या गावी. फौज त्याची. लढाई करायची की तह करायचा ते तो ठरवणार. पण खजिना, धान्य, रस्ते आणि कोर्टकचेरी दुसऱ्या एका साहेबाकडं, आणि देवाधर्माचा तिसरा साहेब वेगळाच. तिघंही राजानंच पाठवलेले, एकमेकांवर नजर ठेवायला. “तिघांचं पटायचं नाही,” सानिका म्हणाली, “मग तिघं किंगला लेटर लिहायचे. कंप्लेंट.” मी विचारलं, राजा काय म्हणायचा? ती म्हणाली, “रिप्लायला वन इयर लागायचं. विंटरमध्ये रिव्हर फ्रीज होते ना, शिप येतच नाही.” म्हणजे उत्तर येईस्तोवर भांडण शिळं होऊन जायचं. मला तो गव्हर्नर कळायला लागला. खिडकीबाहेर बर्फ होतं, आणि मीही फोनचं कार्ड खरडून गावी बहिणीला फोन लावायचो तेव्हा ती मागच्याच महिन्याची बातमी नव्यानं सांगायची.

मग मी तिला गव्हर्नर शिकवला. माझ्या लहानपणी आमच्याकडं निजामाचं राज्य होतं आणि जिल्ह्याला त्याचा तालुकदार असायचा. त्याची घोडागाडी बाजारातून निघाली की बाप माझी मान हातानं खाली दाबायचा. मी एकदाच चोरून वर बघितलं होतं. तो कुणाकडंच बघत नव्हता. तेच मी सानिकाला सांगितलं. “गव्हर्नर म्हणजे राजाचा हात. छाती पुढं. हनुवटी वर. कुणाकडं बघायचं नाही. आणि आवाज असा, की भिंतीनं ऐकलं पाहिजे.” ती तळघरात जाऊन सराव करायला लागली. “मी किंगचा माणूस आहे! सिट डाऊन! बूट दारात नको!” रवी ऑफिसातून आला आणि पायऱ्यांवर थबकला. “हे कुणाचं सोंग काढलंय?” स्वयंपाकघरातून मंजिरी म्हणाली, “ओळख बघू.” तिघं हसले. मीही हसलो. कशाला हसतात ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

थोड्या दिवसांनी ती पुस्तकातलं एक पान उघडून बसली आणि म्हणाली, “आजोबा, आपलं चुकलंय.” इथले जे मूळचे लोक होते, जंगलातले, नद्यांवरचे, ते गव्हर्नरला ‘मोठा डोंगर’ म्हणायचे. गव्हर्नर मेला, नवा आला, तरी नाव तेच. आणि ते त्याला बाप म्हणायचे.

“मग बरोबरच आहे की,” मी म्हणालो. “बाप हुकूम देतो, पोरं ऐकतात.”

“नो ना. फ्रान्सच्या लोकांना तसंच वाटलं. पण बाईंनी सांगितलं, त्या लोकांच्या घरात फादर ऑर्डर देत नाही. फादर देतो. थिंग्ज देतो. फाइट झाली तर मिटवतो. मग ते त्याचं ऐकतात. इफ दे वाँट.”

“असा कुठं बाप असतो?”

“होता ना! एव्हरी समर तो बोटीतून माँट्रियलला यायचा. सगळे चीफ यायचे. आधी प्रेझेंट्स, मग बोलायचं. ब्लँकेट्स, केटल्स, काचेचे मणी.”

“ही तर लाच झाली. साहेबाला देतात ती.”

“पण आजोबा, इथं साहेब देतोय.”

मी विचारलं, आणि नाही दिलं तर? ती खांदे उडवून म्हणाली, “मग ते जातात. इंग्लिश लोकांकडं. किंग लेटर लिहायचा, एवढं कशाला देता, कमी द्या. पण किंग तर लांब होता. त्याला कळायचंच नाही की देणं हाच त्याचा मेन जॉब आहे.” मी म्हणालो, तुझ्या बाई काहीही शिकवतात. तू हनुवटी वर ठेव.

आता ती दुपार लिहायची. लिहायचं टाळत होतो, दोन दिवस वही उघडली नाही. मी जेवून पडलो होतो. जाग आली तर तळघरातून किणकिण ऐकू आली. मला वाटलं, मी दुकानात आहे आणि खाली ही बसलीय. इतकं बरं वाटलं की उठवेना. मग डोळे उघडले. कपाट उघडं होतं, फळी रिकामी. मी जिना कसा उतरलो आठवत नाही. सानिका लुगडं पसरून त्यावर बसली होती, पेटी उघडी, आणि ती बांगड्यांच्या जुड्या करून दोऱ्यानं बांधत होती, वर्गातल्या पोरांची नावं लिहून. तिच्या स्वतःच्या डाव्या हातात कोपरापर्यंत बांगड्या. मला बघून हसली. “आजोबा, लुक, प्रेझेंट्स! काचेच्याच आहेत!”

मी तिचा हात धरला. आधी बापाच्या हाताखाली आणि नंतर लग्नसराईच्या गर्दीत मी हजारो मनगटं धरली. म्हाताऱ्या बायांची, बाळंतिणींची, हाडकलेली, सुजलेली. माझ्या हातून काच कधी कुणाला लागली नाही, ह्या एका गोष्टीचा मला गर्व होता. त्या दिवशी मी माझ्या नातीचं मनगट असं आवळलं की बांगड्या तिच्या हातातच मोडल्या. ती किंचाळली तरी मी ओरडतच होतो. काय ओरडलो ते लिहीत नाही. रक्त लुगड्यावर पडलं तेव्हा माझी बोटं सुटली.

मंजिरी तेवढ्यात घरी आली होती. ती ओरडली नाही. पोरीचा हात नळाखाली धरला, चिमट्यानं काच काढली, पट्टी बांधली. जखम फार खोल नव्हती. मग तिनं एकेक तुकडा वेचला, कागदात बांधला, उरलेल्या बांगड्या पेटीत रचल्या आणि पेटी माझ्यासमोर आणून ठेवली. म्हणाली, “सांभाळा तुमची पेटी. शाळेत तुम्ही नाही आलात तर बरं.” एवढंच. सुनेनं सासऱ्याला असं बोलायची आमच्याकडं पद्धत नाही, आणि मला राग आला नाही, त्यावरून काय ते समजा. रवीनं माझ्याकडं बघितलंच नाही. आणि सानिका माझ्याशी बोलायची बंद झाली. गॅरेजचं दार घरघरलं, ती आत आली, की सरळ वर जायची. तिकीट तीन आठवड्यांवर होतं. मी मनाशी म्हणालो, ही पोर आता जन्मभर मला तो हात आवळणारा म्हाताराच समजणार. सहा महिन्यांत मी कमावलं ते हे.

त्या दिवसांत मी पेटी मांडीवर घेऊन खिडकीशी बसून राहायचो. आणि एक गोष्ट जी मी कुणालाच सांगितली नव्हती ती माझ्या पुढ्यात येऊन बसायची. ही गेली तेव्हा मी गप्प नव्हतो. ही सिंधूचा उजवा हात दाबत होती आणि मी वरून ओरडत होतो. “मोजून भर! नवरी बघितली की तुझा हात सुटतो. जास्तीची भरशील तर बघ.” ती वर न बघता म्हणाली होती, “जास्तीचीसाठीच येतात हो त्या. बाकीच्या कुठंही मिळतात.” आणि मग वाकली. माझा शेवटचा शब्द तिच्या कानात गेला तो हा. जास्तीची भरू नको. आणि खरंच ती भरली गेली नाही. सिंधूचा उजवा हात तसाच मोकळा राहिला. तिच्या घरच्यांनी तिला दुसऱ्या कासाराकडं नेलं असेल. मी विचारलंसुद्धा नाही. चाळीस वर्षं मी त्या दुकानात उंचावर बसलो, आणि बायका यायच्या त्या खाली चटईवरच्या बाईसाठी. मी राजाच होतो. लांबून कागदावर लिहिणारा, कमी द्या, कमी द्या.

दरबाराच्या आदल्या संध्याकाळी मी मंजिरीपाशी गेलो. ती पोळ्या लाटत होती. मी म्हणालो, “उद्या मी येऊ का?” सुनेला विचारून काही करायची ही माझी पहिली वेळ. ती लाटणं थांबवून म्हणाली, “मला नका विचारू बाबा. जिचा हात कापला तिला विचारा.” मी वर गेलो. दार लोटलेलं होतं. मी बाहेर जिन्याच्या पायरीवर बसलो, गुडघे दुखत होते.

“सानू, मी उद्या यावं का?”

आतून आवाज आला, “तुम्ही शाउट कराल.”

“नाही करणार.”

“प्रॉमिस?”

“आईची... तुझ्या आजीची शपथ.”

दार थोडं उघडलं. “आजीची पेटी मी विचारून घ्यायला पाहिजे होती,” ती म्हणाली. हे तिनं पूर्ण मराठीत म्हणलं, बहुतेक पाठ करून ठेवलं असावं. मला तिच्याकडं बघवेना. मी म्हणालो, “विचारलं असतंस तरी मी नाहीच दिली असती. चूक माझी आहे.” आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदा म्हणालो तेव्हा जिन्यावर बसलो होतो आणि समोर दहा वर्षांची पोर होती.

शाळेत गेलो तेव्हा पेटी माझ्याबरोबर होती, लुगड्यात बांधलेली. रक्ताचा डाग धुवूनही पुसट राहिला होता. वर्गात गालिच्यावर पोरं गोल करून बसलेली. खजिनदार साहेब एक लाल केसांचा मुलगा, पाद्री एक चिनी मुलगी. सानिकाच्या डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी, हाताला पट्टी, आणि समोर टोपलीत दुकानातले प्लास्टिकचे मणी. मी ती टोपली बघितली आणि उठलो. मंजिरीनं माझी बाही धरली, मग सोडली. मी पोरीसमोर गेलो, पेटी ठेवली, लुगड्याची गाठ सोडली.

“गव्हर्नरसाहेब,” मी म्हणालो, “ह्या तुमच्या. तुम्हाला वाटेल तशा द्या.”

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या बाई काही बोलणार होत्या, मंजिरीनं त्यांना हळूच काहीतरी सांगितलं. मग सानिकानं ती टोपी काढून बाजूला ठेवली. मी शिकवलेली छाती नाही, हनुवटी नाही. ती सगळ्यांच्या बरोबरीनं खाली बसली आणि म्हणाली, “आजोबा, त्यांना घालता येणार नाहीत. यू हॅव टू डू इट.”

मी त्या गालिच्यावर बसलो, जिथं ही बसायची तसा, चटईच्या उंचीवर. ही गेल्यापासून मी कुणाचा हात धरला नव्हता, आणि जो धरला तो तसा. पहिला हात पुढं आला तेव्हा माझी बोटं थरथरली, वहीच्या सुरुवातीला थरथरली होती तशीच. मग ओळखीचं झालं. गोरे हात, काळे हात, शाईनं बरबटलेले. पोरांची मनगटं बारीक, बांगड्या सैल, पण लेकरं हात हलवून वाजवत होती. तो लाल केसांचा मुलगाही हात पुढं करून बसला. आमच्याकडं पोरग्याला बांगडी भरली तर जन्मभर चिडवतील. त्यानं सानिकाकरवी विचारलं, मला का नाही? मी भरल्या. प्रत्येकाला दोन, आणि वर एक. सानिकानं विचारलं, “थर्ड कशाला?” मी म्हणालो, “ती आजीची. ती फुकट असते.” तिनं ते सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं. त्या वर्गात जी किणकिण झाली ती माझ्या कानात अजून आहे. आता एका कानानं नीट ऐकू येत नाही, तरी ती येते.

शेवटी सानिकानं आपला उजवा हात पुढं केला, ज्याला पट्टी नव्हती तो. मी भरला, वर एक जास्तीची. डाव्या हाताकडं बघून म्हणालो, “हा बरा झाल्यावर.” आणि मग मला राहवलं नाही, तिला सिंधूचं सांगितलं. सगळं नाही. आजी एका नवरीला बांगड्या भरत होती, एक हात भरला, एक राहिला.

“मग तिचा तो हात अजून एम्प्टी आहे?”

“दुसऱ्या कुणी भरला असेल.”

“पण आजीचा नाही ना भरला.” तिनं पेटीत बघितलं. थोड्याच उरल्या होत्या. त्यातल्या मोठ्या मापाच्या तिनं वेगळ्या काढल्या, कागदात गुंडाळल्या, दोऱ्यानं बांधल्या आणि माझ्या कोटाच्या खिशात घातल्या. “सिक्स. तुम्ही द्यायला पाहिजे, आजोबा.” मग कानाशी येऊन म्हणाली, “हे मी गव्हर्नर म्हणून सांगत नाहीये.”

निघायच्या आदल्या दिवशी तिची पट्टी निघाली होती. जिथं कापलं तिथं बारीक गुलाबी रेघ. तिनं तो हात स्वतः पुढं केला, आणि तो मी भरला, हाड न दाबता, नुसती फुंकर घातल्यासारखा. उरलेल्या चार मंजिरीला दिल्या. तिनं लगेच घातल्या आणि पोळ्या करायला गेली, आणि स्वयंपाकघरातून तो आवाज येत राहिला. पेटी मी तिथंच ठेवली, रिकामी. सानिका आता मोठी नोकरी करते, दूर राहते. ती पेटी तिच्याकडं आहे, त्यात कानातली ठेवते म्हणे.

गावी आलो तेव्हा चैत्र होता. दोन दिवस झोप काढली, दुकानाचं कुलूप उघडलं नाही, आधी एसटी पकडून सिंधूच्या सासरी गेलो. तिला दिवस गेले होते. मला दारात बघून तिनं डोक्यावर पदर घेतला आणि रडायलाच लागली. “मामा, मला वाटलं तुम्ही माझं तोंड बघणार नाही. लोक म्हणाले, माझ्यामुळं मामी...” मी म्हणालो, “गप. लोक मूर्ख आहेत. बस खाली. उजवा हात दे.”

तिच्या डाव्या हातात बाकीच्या बांगड्यांत एक जुनी हिरवी होती. हिनं भरलेली. तेवढीच टिकली होती. मी खिशातून पुडी काढली, दोरा दातानं तोडला. तिचा हात हातात घेतला, अंगठ्याखालचं हाड दाबून मऊ केलं आणि एकेक भरायला लागलो. एक, दोन, तीन. सासू दारात उभी राहून बघत होती, चुलीवर दूध उतू जातंय हे तिच्या लक्षात नव्हतं. सहावी भरली आणि मी कागद चुरगाळायला घेतला.

कागदात अजून एक होती.